फ्लॅश कार्डाचं स्थळ

मामाने आयुष्यात कुठलीही वस्तू ती विकणाऱ्याला विचारून घेतली नाही. तो शेजारच्याला विचारायचा. पंखा घ्यायचा असला की पंख्याच्या दुकानाशेजारी जो शिंपी असेल त्याच्याकडे जाऊन बसायचा, उन्हाबद्दल, पाण्याबद्दल बोलायचा आणि मग सहज सुचल्यासारखं विचारायचा, "बाजूला भांडायला लोक येतात का हो?" शिंपी नाही म्हणाला तर पंखा त्या दुकानातून. शिंपी नुसता हसला तरी मामा छत्री उचलून पुढच्या गल्लीत. सोलापुरात छत्री पावसासाठी लागते असं त्याला कधी वाटलं नाही. बाराही महिने ती उन्हासाठीच हातात असायची.

ही खोड त्याला स्थळं बघून बघून लागली होती. नोकरीने तो शाळेत हेडक्लार्क, पण आमच्या नात्यातली आणि शाळेतल्या मास्तरांच्या घरची निम्मी लग्नं त्याच्या हातून पार पडलेली. मध्यस्थ म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "मी जमवत नाही. मी बघतो," असं तो म्हणायचा. माळशिरसला एका इंजिनियर मुलाची चौकशी करायला गेला तर मुलाच्या घरी गेलाच नाही, त्याच्या इस्त्रीवाल्याकडे गेला. "कपडे द्यायला कोण येतं ते बघायचं. पोरगा स्वतः येत असला तर निम्मं काम झालं." अक्कलकोटकडच्या स्थळांची चौकशी तो कन्नडमध्ये करायचा, कारण परक्या माणसाने आपल्या भाषेत विचारलं की लोक खरं सांगून टाकतात, असा त्याचा अनुभव. एका गावाहून तो पाणीही न पिता परत आला. "पोरगा दारात आला आणि घरचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. मला तेवढं पुरे."

माझं स्थळही त्यानेच बघितलं होतं. इस्त्रीवाला, शेजारी, कुत्रं, सगळ्या परीक्षांना उतरलेलं. तरी ते लग्न टिकलं नाही. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. सगळं सुरळीत असलं की तो माणूस चांगला होता आणि काही बिघडलं की नव्हता, एवढंच. मी सामान घेऊन आईकडे परत आले त्या संध्याकाळी मामा आला. त्याचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. चहा समोर होता, पण तो त्याने घेतला नाही. म्हणाला, "एक विचारायचं राहून गेलं बघ अनू माझ्याकडून. बिघडल्यावर कसा वागतो, ते विचारायला पाहिजे होतं."

त्यानंतर त्याने स्थळं बघणं सोडलं. लोक फोटो घेऊन यायचे तर तो चष्मा सापडत नाही म्हणायचा. चष्मा कपाळावर असायचा. मला त्याचा राग कधी आला नाही. हे मी त्याला स्पष्ट सांगितलंही होतं, पण राग आला नाही म्हटल्यावर तो जास्तच गप्प व्हायचा, म्हणून तो विषयच आमच्यात बंद झाला.

पुढे त्याची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा सकाळी डायलिसिस आणि एका वेळेला चार तास. मुलगा मंदार जर्मनीत, मामीचे गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा मामाला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि मीच ते मागून घेतलं होतं. मी ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जो तास घेतला तोच आपला. नाही घेतला तर तो दुसऱ्या कुणाचा होतो आणि पुढच्या वर्षी सहसा त्याचाच राहतो. माझे सगळे तास सकाळचे. ते सोडून मी दवाखान्यातल्या बाकावर बसायला लागले.

मोठ्या काचेपलीकडे पलंगांची रांग होती. मामा तिसऱ्या पलंगावर. डावा हात उताणा ठेवलेला, त्यात सुया, तो हात चार तास हलवायचा नाही. शेजारच्या पलंगावर मंद्रूपहून येणाऱ्या शांताक्का. मामा घड्याळाकडे बघायचा, मग काचेतून माझ्याकडे बघायचा आणि मोकळ्या हाताने मला 'जा' म्हणून खुणावायचा. मी मान हलवून 'नाही' म्हणायची. असा आमचा मुका तमाशा शांताक्कांसकट सगळी रांग दर खेपेला बघायची.

मी उगाच बसत नव्हते. पहिल्याच महिन्यात एकदा मी पोर्शन संपवायला म्हणून कॉलेजात गेले, तर या गृहस्थाने कंटाळा आला म्हणून तासभर आधीच सुया काढायला लावल्या. सही स्वतःच करून दिली. दुसऱ्या दिवशी त्याला धाप लागली, आडवं पडता येईना. डॉक्टरांनी आम्हां दोघांनाही उभं करून झापलं की असं दोन-तीनदा झालं तर पुढचं आमच्या हातात नाही. मामाचं म्हणणं, "तू गेलीस तर मी नीट पडून राहीन." माझं म्हणणं, "तू नीट पडून राहिलास तर मी जाईन." दोघंही एकाच आडमुठ्या घरातले.

शेवटी रिक्षात बसल्या बसल्या त्यानेच तोड काढली. "मला आत करायला काहीतरी असलं, तर जाशील?"

"जाईन."

"देवाची शपथ?"

"जाईन म्हटलं ना."

पुस्तक एका हाताने धरून पानं उलटता येईनात. फोन होता, पण फोनवर त्याचा विश्वास नव्हता. "फोन म्हणजे चावडी की गं. जरा डोकं लावून बसावं तर कुणीतरी टपकतंय, कसं वाटतंय विचारायला." मग मामीला आठवलं की मंदारचा लहानपणचा हातातला गेम कपाटात असेल. निघालाच. छोटा पडदा, डावीकडे बाणांची बटणं, पाठीमागे दोन सेल आणि वरच्या खाचेत बसणाऱ्या दोन कॅसेटी. आमच्या लहानपणी सगळेच त्याला कॅसेट म्हणायचे. एका कॅसेटीत गाड्यांची शर्यत, दुसरीत मारामारी. दोन्हीला दोन हात लागायचे आणि दोन्हींत मरणाची घाई.

रविवारी मंदारचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, फ्लॅश कार्ड घ्या ना. दिसायला कॅसेटच, पण त्यात मेमरी कार्ड बसतं. हवे तेवढे गेम त्यात भरायचे. एका हाताने, सावकाश खेळायचेही असतात. हौशी लोक स्वतः बनवतात आणि फुकट वाटतात."

"वाटतात म्हणजे? विचारून घ्यायचे ना? लोकाच्या घरचं न सांगता उचललेलं मला चालणार नाही."

"त्यांनीच वाटायला ठेवलेले असतात, बाबा."

"बरं. मग कुठलं कार्ड घेऊ?"

"कुठलंही चालेल," मंदार म्हणाला आणि तिथेच चुकला. मामाने फोन माझ्या हातात दिला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "कुठलंही चालेल म्हणणाऱ्या बापाच्या पोरीचं स्थळ मी कधी बघितलं नाही," तो म्हणाला.

त्या दिवसापासून फ्लॅश कार्डाची चौकशी सुरू झाली आणि ती महिनाभर तरी चालली असेल. कार्ड कुठल्या घरचं, म्हणजे कुणी बनवलंय. खातं किती, म्हणजे सेल किती लवकर संपवतं. या कार्डांना भूक जास्त असते म्हणे. कुणाशी पटतं, म्हणजे कुठलं मेमरी कार्ड त्यात नीट चालतं आणि कुठलं घातलं की रुसून बसतं. मंदारला तो रोज एक प्रश्न पाठवायचा आणि मंदार तिकडच्या ऑफिसातून उत्तर द्यायचा. बापलेक इतक्या नेमाने त्याआधी कधी बोलले नव्हते. मी बाकावर बसून दिवस मोजत होते, कारण कॉलेजने माझ्या तासांचं काय करायचं ते लवकर कळवा म्हणून दोनदा निरोप पाठवला होता. मामाला म्हटलं, "घे की एखादं, खेळणंच आहे." तो म्हणाला, "घाई केली की काय होतं ते मी तुला सांगायला पाहिजे का?"

त्याचा शेवटचा आणि सगळ्यांत मोठा प्रश्न होता, "चालता चालता मधेच बंद पडलं तर काय करतं?" मंदारने सांगितलं की काही कार्डं जिथे सोडलं ते तिथल्या तिथे लक्षात ठेवतात. काहींना मात्र आधी पहिल्या पडद्यावर परत जाऊन नीट निरोप घ्यावा लागतो. तसं न करता बंद पडलं तर सगळं पुसलं जातं. मामाने ते ऐकून घेतलं. "म्हणजे तोंडावर हो म्हणतं आणि मनात काही ठेवत नाही," तो म्हणाला. "तसलं नको."

नव्या पेठेत एक दुकान निघालं, जुने गेम दुरुस्त करणारं आणि विकणारं. मालक श्रीनिवास, तिशीतला, तेलुगू घरातला, दुकानाच्या वरच राहणारा. मामा अर्थातच त्या दुकानात गेला नाही. मला पलीकडे सावलीत उभं करून तो शेजारच्या बांगडीवाल्या चाचांकडे जाऊन बसला. मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. "स्वभावाने कसा आहे पोरगा? काही बिघडलं तर अंगावर येतो का? दिला शब्द पाळतो का?" चाचा म्हणाले, "लडका नेक है साहेब. बस, सुबह देर से उठता." एवढं बोलून त्यांनी मान वळवून सावलीत उभ्या असलेल्या माझ्याकडे नीट बघून घेतलं. छत्रीवाला म्हातारा, बरोबर एक बाई, आणि असले प्रश्न. शहाण्या माणसाने जे समजायचं तेच ते समजले.

आम्ही दुकानात शिरलो तोवर बातमी आमच्या आधी पोहोचली होती. श्रीनिवासने केस ओले करून भांग पाडला होता. दोन खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. थंडा आला, आणि पाठोपाठ जिन्यावरून त्याची आई आली, पदर सारखा करत. बसल्यावर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मामाला म्हणाली, "पोरगा साधा हाय आमचा. पण आमच्यात आमच्यातलंच बघतात. तुमचं काय म्हणणं हाय?"

मी कानापर्यंत लाल झाले. मामाचा चेहरा मात्र हलला नाही. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला गेम काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "म्हणणं याच्याबद्दल आहे. याला एक चांगलं कार्ड पाहिजे."

त्या माउलीला सगळा प्रकार कळला तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. श्रीनिवास कपाटात काहीतरी शोधायला लागला आणि बराच वेळ शोधत राहिला. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "एका खेळण्यासाठी एवढं विचारायलाय तुमी. माझ्या पोरीच्या वेळेला एवढं कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं." मामाने थंड्याचा ग्लास खाली ठेवला. त्याचा चेहरा तेव्हा हलला.

श्रीनिवासकडे दोन कार्डं होती. दोन्ही घेऊन त्याने आमच्या घरी यावं असं ठरलं. रविवारी तो आला. मामीने उप्पीट केलं होतं, कारण दाखवण्याचा कार्यक्रम कोरडा होत नसतो. पहिलं कार्ड देखणं. लावलं की पडदाभर रंग, चित्रं, सूर. दुसरं लावलं तर जरा वेळ काहीच नाही आणि मग नुसती नावांची यादी. दोन्हींत श्रीनिवासने गोदामाचा एक गेम भरून आणला होता. गोदामात खोकी पडलेली असतात, ती ढकलून आपापल्या जागी न्यायची. फक्त बाणांची बटणं, घाई नाही, एक हात पुरतो. मामा खेळायला लागला. थोडा वेळ गेला, आणि एकाएकी त्याने गेम उलटा करून मागचं झाकण उघडलं आणि सेल उपसून काढले.

"काका, असं नका करू," श्रीनिवास कळवळून म्हणाला.

"का? दवाखान्यात वेळ संपली की कुणी माझ्यासाठी थांबणार आहे?"

सेल परत घातले. देखणं कार्ड पहिल्यापासून सुरू झालं, जसं काही झालंच नव्हतं. मग दुसऱ्याचीही तीच परीक्षा घेतली, तर त्यात खोकी जिथल्या तिथे उभी होती. मामाने पुन्हा एकदा सेल काढून पाहिले आणि खात्री झाल्यावर म्हणाला, "हे." पूर्वी स्थळ पसंत पडलं की तो असाच एक शब्द बोलायचा, आणि घरात पत्रिकेचा मजकूर सुरू व्हायचा. पुष्कळ वर्षांनी तो शब्द ऐकून मला भरून आलं, म्हणून मी उप्पिटाच्या बशा उचलून आत गेले. मामी पाठोपाठ आत येऊन बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या वेळेला नव्हतं हो एवढं बघितलं यांनी." बाहेरून उत्तर आलं, "तुझ्या वेळेला माझ्या बापाने बघितलं होतं. बरं निघालं, नशीब."

मामीने जुन्या चादरीच्या तुकड्याची छोटी उशी शिवली. मंगळवारी मामा ती पोटावर ठेवून, तिच्यावर गेम ठेवून, उजवा हात बटणांवर असा सजून बसला. मी काचेशी उभी राहिले. त्याने गेम उचलून मला दाखवला आणि 'जा' म्हणून हात केला. या वेळी मी गेले. वर्गातल्या पोरींनी "मॅडम, आलात?" म्हणून विचारलं आणि माझे तास माझ्याकडे राहिले.

दर खेपेला दुपारी मी त्याला आणायला गेले की रिक्षात तो हकीकत सांगायचा. आज अमुक गोदाम संपवलं, तमक्यात अडकलो. "ढकलता येतं, ओढता येत नाही, ही गोम आहे त्यात. खोकं कोपऱ्यात गेलं की संपलं. मग सगळं पहिल्यापासून." मी म्हणायची, "मग करतोस काय?" "करायचं काय, पहिल्यापासून करायचं." सुया वेळेआधी काढायला लावल्याचं त्यानंतर एकदाही कानावर आलं नाही. पायांवरची सूज उतरली. घरात फोटो परत यायला लागले, आणि चष्मा सापडायला लागला.

असं एक वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी, घरच्याच खुर्चीत मामा गेला. डायलिसिसचा दिवस नव्हता. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मामी आत ताक घुसळत होती, तिला काही कळलंही नाही.

दिवसवार झाल्यावर मामीने गेम आणि ती उशी माझ्याकडे दिली. म्हणाली, दवाखान्यात कुणाला तरी देऊन टाक, वेळ जाईल बिचाऱ्याचा. मला शांताक्काच आठवल्या. कॉलेजला जाता जाता मी तिकडे गेले. मामाच्या पलंगावर दुसरं कुणी होतं. शांताक्कांनी मला जवळ बोलावलं, मोकळ्या हाताने माझा हात धरला. मी गेम पुढे केला तर म्हणाल्या, "मला कुटं येतंय हे. तुज्यापाशीच ठिव. आन् त्यांनी तरी कुटं खेळलं?"

"रोज खेळायचा की. मला सांगायचा गोदामांचं."

"सुरवातीला खेळले की, धा-पंदरा दिस. मग बोटं दुकायला लागली त्यांची. तू काचंतनं बगून गेलीस की उशीखाली सारायचे बग. मग आमी बोलत पडायचो. माज्या नातीचं हितनंच जुळवलं की त्यांनी." "मी इचारलं एकदा, खेळत न्हाय तर रोज आणता कशाला हे वझं? तर म्हणले, शांताक्का, हे माज्यासाटी घेतलेलंच न्हाय. पोरगी त्या बाकावर बसून म्हातारी व्हायली होती. एकदा वाटोळं केलंय तिचं, आता परत करायचं न्हाय मला."

मी म्हणाले, "त्याने काही वाटोळं केलं नव्हतं."

"मी बी तेच म्हणले. ऐकतंय कोण?"

मी काचेबाहेर आले. बाक रिकामा होता. त्याच्यावर बसून पोटभर रडावं असं फार वाटलं. पण दहाचा तास होता. मी बसले नाही.